वाकाटाईम दिवसभर शून्य मिनिटे दाखवते आणि रात्री अचानक सहा तास

वाकाटाईम ही कोड लिहिण्यात किती वेळ गेला हे आपोआप नोंदवणारी सेवा आहे. माझ्याकडे ती बिघडल्याचे लक्षण असे आहे. कार्यालयात सकाळी लॅपटॉप उघडून दिवसभर कोड लिहिला, तरी वाकाटाईमच्या डॅशबोर्डवर शून्य मिनिटांपलीकडे काही दिसत नाही. संध्याकाळी घरी तोच लॅपटॉप उघडला की थोड्याच वेळात पाच-सहा तासांचे काम एकदम उगवते, आणि कधीकधी तेही उगवत नाही. एडिटरमधले तिचे प्लगइन (जोड-प्रोग्राम) काढून पुन्हा बसवले की चार-पाच दिवस सारे ठीक चालते, मग पुन्हा शून्य. माझ्या यंत्रावर हा प्रकार चार महिन्यांत सहा वेळा झाला आणि त्यांपैकी पाच वेळा मी पुन्हा बसवणे हाच उपाय समजत होतो. तो उपाय नव्हता. उलट त्या पाचांपैकी दोन वेळा त्यापायी माझी दिवसभराची नोंद कायमची पुसली गेली. पुढे जे लिहिले आहे ते लिनक्सवरील अनुभवावरून लिहिले असले, तरी मॅक आणि विंडोजवरही रचना तीच असल्याने बहुतेक भाग तसाच लागू पडतो. फाइलींची नावे आणि आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.

आधी यंत्रणा कशी चालते ते पाहणे आवश्यक आहे, कारण बहुतेक जण एडिटरमधल्या प्लगइनलाच वाकाटाईम समजतात. प्लगइनचे काम फार थोडे आहे. तुम्ही फाइलीत काही टंकले, दुसरी फाइल उघडली किंवा फाइल साठवली की ते वाकाटाईम-सीएलआय नावाचा एक वेगळा प्रोग्राम चालवते आणि त्याला फाइलीचा मार्ग व वेळ सांगते. या एका निरोपाला हार्टबीट म्हणतात. एकाच फाइलीत काम चालू असेल तर साधारण २ मिनिटांतून एकदाच हार्टबीट जातो. फाइल बदलली किंवा साठवली तर लगेच जातो. भाषा, प्रकल्प आणि शाखा ओळखणे, किल्ली (तुमचे खाते ओळखण्यासाठीचा गुप्त संकेत) वाचणे, सर्व्हरशी बोलणे आणि सर्व्हर न सापडल्यास हार्टबीट डिस्कवर साठवून ठेवणे ही सगळी कामे सीएलआय करते. पूर्वी ते पायथनमध्ये होते, नंतर गो भाषेत नव्याने लिहिले गेले, त्यामुळे आता ते एकच स्वतंत्र बायनरी फाइल म्हणून येते. सर्व्हरवर दोन हार्टबीटमधील अंतर १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तर मधला वेळ कामात धरला जातो, जास्त असेल तर सोडून दिला जातो. ही मर्यादा खात्याच्या सेटिंगमध्ये बदलता येते. म्हणून अर्धा तास नुसते कागदावर आकृत्या काढत बसलात आणि तो वेळ नोंदला गेला नाही, तर तो बिघाड नव्हे.

सीएलआयचे बिऱ्हाड होम फोल्डरमध्ये दोन ठिकाणी असते. ‘.वाकाटाईम.सीएफजी’ ही तुमची संरचना-फाइल, जिच्यात ‘सेटिंग्ज’ या चौकटी कंसातील मथळ्याखाली किल्ली आणि इतर पर्याय असतात. दुसरा ‘.वाकाटाईम’ हा फोल्डर, ज्यात बायनरी, ‘वाकाटाईम.लॉग’ हा लॉग, ‘ऑफलाइन_हार्टबीट्स.बीडीबी’ ही न गेलेल्या हार्टबीटची साठवण आणि ‘वाकाटाईम-इंटर्नल.सीएफजी’ ही सीएलआयची स्वतःची टिपणवही असते. या शेवटच्या फाइलीकडे कोणी पाहत नाही. मीही चार महिने पाहिले नाही.

सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही तर सीएलआय दर हार्टबीटला पुन्हा धडका देत बसत नाही. ते त्या टिपणवहीत अपयशाची वेळ आणि आतापर्यंतच्या अपयशांची संख्या लिहून ठेवते, आणि ठरावीक मुदत संपेपर्यंत पुढचे सगळे हार्टबीट न पाठवता थेट साठवणीत टाकते. अपयश वाढत जाते तशी ही मुदतही वाढत जाते. याला बॅकऑफ म्हणतात. पुढे कधीतरी एकदा पाठवणी यशस्वी झाली की ती नोंद पुसली जाते आणि साठलेले हार्टबीट हप्त्याहप्त्याने वर जाऊ लागतात. रात्री घरी अचानक उगवणारे सहा तास ते हेच. कार्यालयात रस्ता बंद होता, घरी तो उघडा मिळाला, एवढाच त्याचा अर्थ. प्लगइन पुन्हा बसवल्यामुळे तास परत आले असे वाटत होते, तेव्हा ते पुन्हा न बसवताही आले असते.

पुन्हा बसवताना बहुतेक लोक, निदान मी तरी, ‘सगळे स्वच्छ करून’ बसवावे म्हणून ‘.वाकाटाईम’ हा अख्खा फोल्डर पुसून टाकतो. त्यासरशी बॅकऑफची नोंद जाते, म्हणून नवे प्लगइन लगेच पाठवणी सुरू करते आणि दुरुस्ती झाल्याचा भास होतो. पण त्याच फोल्डरमध्ये असलेली साठवणही जाते, म्हणून तोवरचे न गेलेले तास कुठूनही परत आणता येत नाहीत. फोल्डर पुसण्याआधी साठवणीत किती हार्टबीट अडकले आहेत ते ‘वाकाटाईम-सीएलआय --ऑफलाइन-काउंट’ ही आज्ञा देऊन पाहावे. माझ्याकडे सहाव्या वेळी उत्तर ४१७ आले, आणि तेव्हाच पहिल्यांदा ध्यानात आले की नोंद करणे कधीच थांबले नव्हते, थांबली होती ती फक्त पाठवणी. आकडा शून्य नसेल तर दोष प्लगइनमध्ये नाही, हे तेथेच ठरते. आकडा शून्य असेल आणि डॅशबोर्डही शून्य असेल, तर प्लगइन सीएलआयला हाकच मारत नाही किंवा सीएलआय हार्टबीट जाणूनबुजून वगळत आहे; त्याकडे शेवटी येतो.

पाठवणी का थांबते हे शोधण्यासाठी सीएलआय हाताने चालवून पाहावे. ‘--एंटिटी’ या पर्यायापुढे खऱ्या एखाद्या फाइलीचा पूर्ण मार्ग द्यावा, सोबत ‘--राइट’, ‘--व्हर्बोज’ आणि ‘--लॉग-टू-स्टडआउट’ जोडावेत, म्हणजे लॉग फाइलीत न जाता समोर टर्मिनलवर येतो. हा खराच हार्टबीट असतो, तेव्हा चाचणीसाठी भलतीच फाइल दिलीत तर ती तुमच्या अहवालात दिसेल. आज्ञा संपताच शेलमध्ये (टर्मिनलवरील आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये) तिचा निर्गम-क्रमांक, म्हणजे ती कशी संपली हे सांगणारा आकडा, विचारावा. शून्य म्हणजे काम झाले. १०२ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचण्यात किंवा त्याच्या उत्तरात अडचण आली, १०३ म्हणजे संरचना-फाइल वाचता आली तरी तिचा अर्थ लागला नाही, १०४ म्हणजे किल्ली नाकारली गेली, आणि ११२ म्हणजे बॅकऑफ चालू असल्याने पाठवण्याचा प्रयत्नच झाला नाही. हे ११२ दिसल्यास त्यामागचे मूळ कारण त्या क्षणी दिसणार नाही. ते पाहायचे तर टिपणवहीतील ‘बॅकऑफ_अ‍ॅट’ आणि ‘बॅकऑफ_रीट्राइज’ या दोन ओळींपुढील किमती रिकाम्या कराव्यात आणि आज्ञा पुन्हा द्यावी. फोल्डर पुसण्याची गरज एवढ्यापुरतीच होती, आणि ती दोन ओळींत भागते.

मी ही चाचणी कार्यालयात बसून केली तेव्हा उत्तर शून्य आले. हार्टबीट गेला, त्यामागोमाग साठवणही रिकामी झाली, डॅशबोर्ड भरला. मी निर्धास्त झालो आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर पुन्हा तेच रडगाणे. दोष पाहायला गेलो की दोष नाहीसा होतो, अशा वेळी पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या परिस्थितीत काय फरक आहे ते विचारावे लागते. येथे फरक वातावरण-चलांचा, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला मिळणाऱ्या नावनिशीवार सेटिंगचा, होता. आमच्या कार्यालयातून इंटरनेटवर जाण्याचा रस्ता प्रॉक्सी या मध्यस्थ सर्व्हरमधून आहे, आणि माझ्या शेलच्या आरंभ-फाइलीत कार्यालयाचे नेटवर्क ओळखून प्रॉक्सीचे चल लावणाऱ्या काही ओळी आहेत. सीएलआयला स्वतःच्या संरचनेत प्रॉक्सी सापडला नाही तर ते वातावरणातील चल वापरते. टर्मिनलमधून चालवलेल्या सीएलआयला ते चल मिळत होते. एडिटर मात्र मी डेस्कटॉपवरील चिन्हावर टिचकी मारून उघडतो. त्याला माझ्या शेलची आरंभ-फाइल ठाऊकच नसते, आणि त्याच्या पोटातून निघालेल्या सीएलआयलाही नसते. काही एडिटर सुरू होताना शेलचे वातावरण स्वतःहून वाचून घेतात, काही घेत नाहीत, त्यामुळे एकाच यंत्रावर एका एडिटरची नोंद येते आणि दुसऱ्याची येत नाही असेही घडते. प्लगइन पुन्हा बसवताना संदेश दिसावेत म्हणून मी एडिटर टर्मिनलमधून उघडत असे, आणि लॅपटॉप बंद न करता नुसता मिटून ठेवण्याच्या सवयीमुळे तोच एडिटर चार-पाच दिवस चालू राहत असे. त्या चार-पाच दिवसांच्या ‘दुरुस्ती’चे रहस्य एवढेच होते.

म्हणून चाचणी एडिटरच्या परिस्थितीत करावी. लिनक्स आणि मॅकवर ‘एन्व्ह -आय’ या आज्ञेने वातावरण पूर्ण रिकामे करून, फक्त होम फोल्डरचे चल हाताने देऊन, सीएलआयचा पूर्ण मार्ग लिहून वरीलच आज्ञा चालवावी. माझ्याकडे या वेळी १०२ आला, आणि लॉगमध्ये जोडणीची मुदत संपल्याचा संदेश. लॉगची प्रत्येक ओळ जेसन रूपात असते. तिच्यात ‘लेव्हल’पुढे ‘एरर’ असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या तर वाचणे सोपे जाते.

यावर पहिला उपाय म्हणून संरचना-फाइलीत ‘प्रॉक्सी’ हा पर्याय लिहावा असे सगळीकडे सांगितले जाते, आणि एकाच जागी बसणाऱ्या यंत्रासाठी तो योग्यही आहे. त्यात पत्ता, पोर्ट आणि गरज असल्यास वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड देता येतो. पासवर्डात ‘@’ सारखे चिन्ह असेल तर ते टक्के-सांकेतिक रूपात, म्हणजे ‘%४०’ असे, लिहावे लागते, अन्यथा पत्ता तेथेच तुटतो. मात्र ज्या कार्यालयात दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलणे सक्तीचे आहे तेथे या ओळीतील पासवर्ड शिळा होतो आणि ४०७ क्रमांकाच्या उत्तरासह पाठवणी बंद पडते. ठरावीक काळाने परत येणाऱ्या बिघाडाचे हे एक कारण मी इतरांच्या यंत्रांवर दोनदा पाहिले आहे.

लॅपटॉपसाठी मात्र हा उपाय दुखणे पोटातून पाठीत नेतो. मी प्रॉक्सी लिहिला, कार्यालयातली नोंद सुरळीत झाली आणि घरची बंद पडली, कारण घरी तो प्रॉक्सी अस्तित्वातच नाही. येथे ‘इम्पोर्ट_सीएफजी’ हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला पर्याय उपयोगी पडला. मुख्य संरचना-फाइलीत त्यापुढे दुसऱ्या एका फाइलीचा मार्ग द्यावा. त्या फाइलीतील किमती मुख्य फाइलीतील किमतींवर मात करतात. माझ्याकडे या दुसऱ्या फाइलीत ‘सेटिंग्ज’ हा मथळा आणि त्याखाली, कार्यालयात असताना, प्रॉक्सीची एक ओळ असते. घरी नुसता मथळा असतो. नेटवर्क बदलले की चालणाऱ्या चार ओळींच्या स्क्रिप्टने ती फाइल बदलली जाते. फाइल पुसून टाकू नये, रिकाम्या मथळ्यासह जागेवर राहू द्यावी, म्हणजे ती न सापडल्याची तक्रार उद्भवत नाही. हे न जमल्यास घरी किंवा कार्यालयात, जेथे काम कमी असते तेथील पाठवणी रखडू द्यावी. साठवण असल्याने काही बिघडत नाही, आणि ‘--सिंक-ऑफलाइन-अ‍ॅक्टिव्हिटी’ ही आज्ञा दिली की साठवणीतील हार्टबीट वर जातात. एका खेपेस ती साधारणपणे १००० पर्यंत हार्टबीट पाठवते, तेव्हा मोठ्या सुट्टीवरून परतलेल्याने ती दोनदा द्यावी.

प्रॉक्सी लावूनही १०२ येत असेल आणि लॉगमध्ये ‘एक्स५०९’ने सुरू होणारा, प्रमाणपत्रावर सही करणारा अधिकारी अज्ञात असल्याचा संदेश असेल, तर कार्यालयाची सुरक्षा-यंत्रणा सुरक्षित जोडणी मधेच उघडून स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करते, असे समजावे. ब्राउझरला ते मूळ प्रमाणपत्र माहिती विभागाने आधीच दिलेले असते, म्हणून तेथे काही जाणवत नाही. ‘नो_एसएसएल_व्हेरिफाय’ हा पर्याय चालू केला की तक्रार थांबते, पण मग किल्ली कोणाच्या हाती पडते हे कोणीच तपासत नाही, म्हणून तो मी सुचवणार नाही. ‘एसएसएल_सर्ट्स_फाइल’ या पर्यायापुढे प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याचा मार्ग द्यावा. येथेही घर-कार्यालयाचा तोच सापळा आहे: ही फाइल प्रणालीच्या गठ्ठ्यात भर घालत नाही, त्याची जागा घेते. तिच्यात फक्त कार्यालयाचे प्रमाणपत्र ठेवले तर घरी जोडणी नाकारली जाते. प्रणालीच्या गठ्ठ्याची प्रत काढून तिच्या शेवटी कार्यालयाचे प्रमाणपत्र जोडावे आणि ती एकत्र फाइल द्यावी.

१०४ हा क्रमांक समजायला सोपा आहे, पण तोही परत परत येऊ शकतो. खात्याच्या पानावर नवी किल्ली तयार केली की जुनी निकामी होते. एका यंत्रावर बदल केला आणि दुसरे विसरले, की दुसरे गप्प बसते. किल्ली ‘वाका_’ या उपसर्गाने सुरू होते आणि त्यापुढे ३६ चिन्हांची ओळखसंख्या असते. चिकटवताना शेवटचे एखादे चिन्ह सुटले तर डोळ्यांना कळत नाही. याखेरीज ‘एपीआय_यूआरएल’ हा पर्याय एकदा पाहावा. वाकापीसारखा स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारा मुक्तस्रोत पर्याय आधी वापरून पाहिला असेल, तर तेथील पत्ता या ओळीत तसाच राहतो आणि वाकाटाईमची किल्ली भलत्याच दारात चालवली जाते. संरचना-फाइली गिटमध्ये ठेवण्याची सवय असणाऱ्यांनी किल्ली फाइलीत न लिहिता ‘एपीआय_की_व्हॉल्ट_सीएमडी’ या पर्यायात पासवर्ड-तिजोरीतून ती आणणारी आज्ञा लिहावी. मात्र ती तिजोरी कुलूपबंद असेल तर एडिटरमागून चाललेल्या सीएलआयला कोणी पासवर्ड देत नाही, हे लक्षात असू द्यावे.

विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांच्या तक्रारींचे मूळ बहुधा दोन होम फोल्डरमध्ये सापडते. विंडोजचा एक, लिनक्सचा एक, दोन्हींत आपापली संरचना-फाइल, आणि सीएलआय ज्या बाजूला चालले असेल त्या बाजूची वाचली जाते. किल्ली एका फाइलीत बदलायची आणि तपासायची दुसरी, यात एका सहकाऱ्याची अख्खी दुपार गेली. कंटेनरमध्ये (प्रकल्पापुरत्या बांधलेल्या बंदिस्त वातावरणात) काम करणाऱ्यांचा होम फोल्डर कंटेनर नव्याने बांधताच नाहीसा होतो, आणि त्याबरोबर साठवणही. दोन्ही प्रसंगी ‘वाकाटाईम_होम’ हे वातावरण-चल टिकाऊ जागेकडे वळवावे, आणि चाचणी करताना लॉगची शेवटची वेळ पाहून नेमका कोणता फोल्डर जिवंत आहे याची खात्री करावी.

आता राहिली ती साठवणही शून्य असण्याची स्थिती. बायनरी प्लगइन स्वतःच गिटहबवरून उतरवून घेते, पण तोच रस्ता प्रॉक्सीने अडवला असेल तर फोल्डरमध्ये बायनरीच नसते. अशा वेळी आपल्या प्रणालीची आणि प्रोसेसरची योग्य बायनरी हाताने उतरवून फोल्डरमध्ये ठेवावी व लिनक्सवर तिला चालवण्याची परवानगी द्यावी. मॅकवर ब्राउझरने उतरवलेली बायनरी गेटकीपर ही मॅकची सुरक्षा-यंत्रणा अडवून धरते, तेव्हा होमब्रू या प्रोग्राम बसवण्याच्या साधनाने बसवणे कमी कटकटीचे. बायनरी जागेवर असेल तर संरचनेत ‘डीबग’ चालू करून लॉग वाचावा. कोणे एके काळी ‘इन्क्लूड_ओन्ली_विथ_प्रोजेक्ट_फाइल’ चालू करून ठेवले असेल, तर ‘.वाकाटाईम-प्रोजेक्ट’ नावाची फाइल नसलेल्या प्रत्येक फोल्डरमधील काम वगळले जाते आणि लॉगमध्ये तसे स्पष्ट लिहिलेले असते. ‘एक्सक्लूड’मधील एखादा सैल नमुनाही हेच करतो, मी खासगी टिपणे वगळण्यासाठी ‘नोट्स’ एवढाच शब्द लिहिला होता आणि नावात तो शब्द असलेला एक संपूर्ण प्रकल्प महिनाभर हिशेबाबाहेर राहिला.

बदल केल्यानंतर लगेच डॅशबोर्ड उघडण्याऐवजी यंत्र पूर्ण बंद करून सुरू करावे, एडिटर नेहमीच्या चिन्हावरूनच उघडावा, एखादी फाइल दोन वेळा साठवावी आणि मग ‘--ऑफलाइन-काउंट’ विचारावे. शून्य आले, आणि ‘--टुडे’ ही आज्ञा काही मिनिटे दाखवत असली, तर कार्यालयापुरते जमले. तीच चाचणी त्या रात्री घरी पुन्हा करावी.